पिवळ्याच्या आड

दिवाळीत सिन्नरला गेलो होतो. भाची बारावी सायन्सला. तिचं जर्नल चाळताना फ्लेम टेस्टचं पान दिसलं. कॅल्शियम ब्रिक रेड, स्ट्रॉन्शियम क्रिमसन, बेरियम ॲपल ग्रीन. अक्षर सुरेख, खाली सही झालेली. "ज्योत कशी दिसली गं?" तर म्हणते, "मामा, आम्हाला व्हिडिओ दाखवला."

(ॲपल ग्रीन म्हणजे आपला पोपटी, हे तिला मी सांगितलं. सिन्नरच्या बाजारात सफरचंद लालच मिळतं, तिचा काय दोष!)

माझं स्पष्ट मत आहे, हा प्रयोग मुलांनी स्वतःच्या हातानं करावा, नाहीतर सरळ अभ्यासक्रमातून काढून टाकावा. व्हिडिओत प्रत्येक धातू शहाण्या मुलासारखा आपापला रंग दाखवतो. बर्नरवर तसं होत नाही. तार हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवून कितीही तापवा, बोट लागलं की घामातलं मीठ ज्योत पिवळी करतं. आपण कांद्याला टाकतो ते पोटॅश घ्या. पोटॅशियमची ज्योत फिकट जांभळी, पण सोबत जरासं मीठ असलं तरी सोडियमच्या पिवळ्यात ती बुडून जाते. मग निळ्या कोबाल्ट काचेतून बघायचं. काच पिवळा अडवते आणि आडचा जांभळा दिसतो. काच बाजूला केली की पुन्हा नुसता पिवळा! हे एकदा डोळ्यांनी बघितलेलं पोरगं पिवळा दिसला की लगेच 'सोडियम' लिहून मोकळं होणार नाही.

मोठमोठ्यांनाही हा पिवळा चकवून गेलाय. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये पिवळी रेघ दिसली, ती काहींनी सोडियमची समजली. त्याच ऑक्टोबरमध्ये लॉकयर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, ती बघितली. रेघ सोडियमच्या जोडरेघेपासून किंचित बाजूला होती. तो हेलियम. पृथ्वीवर तो हाती लागायला १८९५ उजाडलं. (विजयदुर्गावर हेलियम सापडला असं आपण हौसेनं सांगतो. लॉकयर तिथं आले ते १८९८ च्या ग्रहणाला. असो.)

शिक्षकांच्या अडचणी मला मान्य आहेत. बर्नर थोडे, पोरं जास्त, ॲसिडची धास्ती. बेरियमचे क्षार विषारी, ते सरांनीच दाखवावेत. पण मीठ, पोटॅश, नायक्रोमची तार आणि एक निळी काच, एवढं पोरांच्या हाती द्यायला कसली हरकत आहे?