मैलांचे माहेर

पूर्वी काशीयात्रेहून परतणारा माणूस गंगेचा गडू घेऊन येई. पृथ्वीप्रदक्षिणेहून परतणारा आता मैल घेऊन येतो. हे मैल दिसत नाहीत, देव्हाऱ्यात ठेवता येत नाहीत; पण त्यांच्यावरून घरात जेवढी चर्चा होते, तेवढी गडूवरून कधी झाली नसेल.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्या वाचकांना हे शास्त्र मुखोद्गत असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. विमानाने प्रवास केला की कंपनी तुमच्या खात्यावर मैल किंवा गुण मांडते आणि ते पुरेसे साचले म्हणजे त्यांच्या बदल्यात तिकीट देते. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली आपली अशी योजना सुरू केली आणि पाहता पाहता ही प्रथा जगभर पसरली. पुढे कंपन्यांनी आपसांत गट बांधले : १९९७ साली स्टार अलायन्स, १९९९ साली वनवर्ल्ड, २००० साली स्कायटीम. आता गटातल्या एका कंपनीच्या विमानात बसावे आणि मैल दुसरीच्या वहीत मांडावेत, असे चालते. मात्र एकदा मांडलेले मैल तिथून उचलून तिसरीकडे सहसा नेता येत नाहीत. मुलीचे स्थळ पाहताना करतात तेवढी चौकशी इथे आधी करावी लागते ती यामुळेच.

आमची कन्या सिडनीला आणि चिरंजीव सिअ‍ॅटलला, त्यामुळे मार्ग ठरवायला ज्योतिषी लागला नाही. मुंबई, हाँगकाँग, सिडनी, लॉस एंजेलिस, सिअ‍ॅटल, लंडन आणि परत मुंबई. वनवर्ल्डचे हे तिकीट किती खंडांना पाय लावता त्यावर बेतलेले असते. पूर्वेला निघालात तर पुढे पूर्वेलाच जायचे, पॅसिफिक आणि अटलांटिक दोन्ही ओलांडायचे आणि वर्षाच्या आत घरी यायचे. सगळे मिळून सुमारे २५ हजार मैल भरतात. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेरही जवळजवळ तेवढाच आहे.

"म्हणजे २५ हजार मैल जमा!" असे मी म्हणालो आणि चिरंजीवांनी फोनवरूनच मला जमिनीवर आणले. "बाबा, तुमचे तिकीट साध्या वर्गातले. त्याला पूर्ण मैल क्वचितच मिळतात."

खरेच तसे आहे. तिकिटाच्या वर्गाला एक अक्षर असते आणि त्या अक्षरासमोर प्रत्येक कंपनीचा भाव निराळा. एकाच खुर्चीबद्दल एक वही निम्मे मैल देते, तर दुसरी पावच. शिवाय हल्ली पुष्कळ कंपन्या अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर हिशेब करतात. जगप्रदक्षिणेचे तिकीट सगळे मिळून एकाच किमतीचे, त्यामुळे त्याला बहुधा अंतराचेच माप लावतात. पण हे नियम ज्या त्या कंपनीचे आधी वाचून घ्यावेत. विमानतळावरच्या खास विश्रामकक्षाची आशा तर मी पहिल्याच रात्री सोडली. तो मान एका साध्या फेरीवर मिळत नाही.

मग मुलांचा सल्ला सुरू झाला. कन्येचा आग्रह क्वांटासचा : "पुढच्या वेळी इकडे येताना उपयोगी पडतील." चिरंजीवांचा अलास्काचा, त्या कंपनीचे ठाणेच सिअ‍ॅटलला. दोघेही कोष्टके पाठवू लागले. आठ दिवस मी ती कोष्टके पाहत होतो. आमच्या सौ. नी ती एकदाच पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, ही मुले मैलांबद्दल भांडत नाहीत. पुढच्या वेळी आपण आधी कोणाकडे जाणार, ते विचारताहेत."

यावर मला बोलता येईना. माझे वय ७१, त्यांचे गुडघे त्याहून वडील. पुढची वेळ, पुढची वेळ म्हणताना दोन्ही मुले जे गृहीत धरत होती, ते आम्ही दोघे धरत नव्हतो.

त्या रात्री मी नियमावल्या पुन्हा उघडल्या. या खेपेला मैल मिळतात किती हे न पाहता, मरतात केव्हा हे पाहिले. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल तीन वर्षांनी संपतात. क्वांटासचे गुण दीड वर्ष खात्यात हालचाल नसली तर जातात. काही नियमावल्यांत सभासदाबरोबर त्याचे मैलही संपतात, असे कलम आहे. वारसाला काही नाही. आणखी एक कलम सौ. ना फार आवडले : मैल ज्याने प्रवास केला त्याच्याच नावावर पडतात. नवऱ्याला बायकोचे मैल आपल्या खात्यात ओढता येत नाहीत. "स्त्रीधनच की हो हे," त्या म्हणाल्या.

अखेर निकाल त्यांनीच दिला. "आपण जायचे मैल नकोत. मुलांनी यायचे मैल हवेत."

प्रश्न असा उलटा केल्यावर मुंबईला विमान कोणाचे उतरते, एवढेच पाहायचे उरले. ब्रिटिश एअरवेजचे उतरते, कतार एअरवेजचेही उतरते, आणि दोघींचे चलन एकच, एव्हिऑस नावाचे. एकीच्या खात्यातून दुसरीच्या खात्यात ते नेता येते. कतारचे विमान दोहाहून सिडनीलाही जाते आणि सिअ‍ॅटललाही. ब्रिटिश एअरवेजच्या खात्यात तीन वर्षांत एकदा जरी काही जमा झाले किंवा खर्च झाले तरी मुदत नव्याने सुरू होते. आपल्या मैलांवर मुलांचे तिकीट काढता येते. साध्या वर्गाला मिळणारे मैल इथे थोडे, हे मी बजावले. मैलांच्या तिकिटावर कर आणि अधिभार रोख भरावे लागतात, तेही सांगितले. एका फेरीच्या मैलांत दोन्ही मुलांची तिकिटे होणार नाहीत, हेही लपवले नाही.

"एकाचे तर होईल?" त्यांनी विचारले.

जाण्याचे कदाचित होईल, येण्याचे नाही, असे मी म्हटले. "मग येण्याचे आपण काढू, जाण्याचे त्यांचे ते काढतील," असे म्हणून त्यांनी दोघांची खाती दोन निरनिराळ्या नावांनी उघडून घेतली. पारपत्रावर जसे नाव आहे तसेच, एक अक्षर इकडे तिकडे नाही, हे स्वतः दोनदा तपासले. नाव जुळले नाही तर मैल अधांतरी राहतात. बोर्डिंग पास ठेवण्यासाठी दसऱ्याच्या मिठाईची रिकामी डबीही काढून ठेवली आहे.

आता प्रश्न एवढाच, की आधी सिडनीचे तिकीट काढायचे की सिअ‍ॅटलचे. मी नातवंडांच्या शाळांच्या सुट्या मागवल्या आहेत. सिडनीची मोठी सुटी डिसेंबरात, सिअ‍ॅटलची जूनमध्ये.