आजीची गोधडी आणि मम्मीचा अंगठा

आपल्या अंकासाठी येणाऱ्या कविता मी गेली दोन वर्षं वाचते आहे. एडिटिंग टीममध्ये असल्यामुळे वाचाव्याच लागतात. त्यात गोधडीवरची एक तरी कविता असतेच. जुन्या लुगड्यांची ऊब, आजीची माया, टाक्या-टाक्यात गुंफलेल्या आठवणी. फर्स्ट इयरला मीही तसलीच एक लिहिली होती आणि ती छापूनही आली होती. तिच्यात आजी होती, सुई होती, दोरा होता. आजीचा अंगठा मात्र कुठेच नव्हता.

गोधडी ज्यांनी शिवलेली पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पाच-सहा थर जुनं कापड एकावर एक घालतात आणि त्यातून जाड सुई आरपार काढतात. ढकलायला एक बोट आणि ओढायला अंगठा, असे हजारो वेळा. माझी आजी वैजापूर तालुक्यातली. तिच्याकडे पितळेचं अंगुस्तान होतं, पण ते ती घालायची नाही. म्हणायची, "त्याच्यानं बोटाला कापड कळत नाही." संध्याकाळी मग ओवा आणि जाडं मीठ तव्यावर भाजून, फडक्यात बांधून, अंगठ्याला आणि मानेला शेक. कंबर धरली तर एरंडाच्या पानाला तेल लावून, पान गरम करून बांधायचं. पाय सुजले की निर्गुडीचा पाला टाकून उकळलेलं पाणी.

आजी आमच्याकडे हैदराबादला राहायला आली तेव्हा तिचं पहिलं दुःख होतं की इथे निर्गुडी मिळत नाही. आठ-दहा दिवस ती हळहळत होती. शेवटी वरच्या मजल्यावरच्या तेलुगू अक्कांनी बाळंतिणीच्या अंघोळीसाठी म्हणून 'वाविलाकु' आणला. आजीने पान चुरगाळलं, वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हीच की!" त्या दोघींना एकमेकींची भाषा अजून धड येत नाही, पण मैत्री त्या पाल्यावर झाली.

आमच्या चिक्कडपल्लीच्या बिल्डिंगमध्ये दुपारी जेवणं झाली की बायका शिवायला बसतात. अक्का मग्गमवर ब्लाउजच्या बाह्या भरतात. समोरच्या खाला भाच्यांच्या लग्नासाठी खड्या दुपट्ट्याला गोटा लावतात. आमची मम्मी पॅरिशमधल्या मुलींचे फर्स्ट कम्युनियनचे फ्रॉक आणि वेदीवरची कापडं शिवते. पैसे कोणीच घेत नाही. कोटीतून लेस आणायची, जनरल बझारमधून कापड, आणि हौस म्हणून शिवायचं. या दुपारच्या बैठकीत डिझाइनपेक्षा जास्त देवाणघेवाण औषधांची होते. आजी ओवा सांगते, अक्का वाविलाकु, आणि खालांचं एकच उत्तर: "बाजी, झिंदा तिलिस्मात लगा लेओ, फर्क पडता."

झिंदा तिलिस्मात हे आपल्या गावचं औषध. हकीम मोइझुद्दीन फारुकी यांनी 1920 मध्ये ते इथे सुरू केलं. मुख्यतः निलगिरीचं तेल, आणि तो लालसर रंग रतनजोत मुळीचा. सर्दीला चहात दोन थेंब आणि दुखलं तर वरून चोळायचं. मम्मीचा भरवसा मात्र पिवळ्या अमृतांजनवर. गंमत म्हणजे खाला त्याला 'बंबईवाला बाम' म्हणतात आणि अक्का 'आमचा'. दोघींचंही बरोबर आहे. काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू माणसाने 1893 मध्ये ते मुंबईत काढलं आणि पुढे मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' सुरू केली. बाम विकून पत्रिका चालवता येते, हे आपल्या मंडळाच्या खजिनदाराने नोंदवून ठेवावं.

ही औषधं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. शेकाने आखडलेला स्नायू खरंच सैल होतो. बाममधलं मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या तंतूंना जागं करतं. प्रत्यक्षात काही गार झालेलं नसतं, पण मेंदूला तशी खबर पोचते आणि दुखण्याची खबर जरा मागे पडते. त्वचेला ऊन-गार कसं कळतं हे उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. आणि माझ्या मते या सगळ्यात सर्वात गुणकारी गोष्ट वेगळीच आहे. ओवा भाजून शेक घेईपर्यंत बाईला पंधरा मिनिटं बसावं लागतं आणि तेवढा वेळ तिला कोणी उठवत नाही.

भांडण आहे ते पुढचं.

दोन वर्षांपूर्वी मम्मीच्या उजव्या हाताला रात्री मुंग्या येऊ लागल्या. मध्यरात्री उठून ती हात झटकायची, मग बरं वाटायचं. आजी म्हणाली, वात आहे, तेल चोळ अन् निज. खालांनी बाटली दिली, अक्कांनी पाला दिला, मम्मीचं अमृतांजन होतंच. सगळ्यांनी प्रेमाने दिलं आणि सगळ्यांनी मिळून दीड वर्ष घालवलं. मीही त्यातलीच. बाम चोळून द्यायचं काम माझ्याकडे होतं. मुंग्या अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना येतात, करंगळीला येत नाहीत, हे तिने मला सांगितलंही होतं. मी सबमिशन टाइप करत होते.

गेल्या उपवासकाळात, अकरा फ्रॉक शिवायचे असताना, तिने एका रात्री मिठाचा शेक घेतला. सकाळी दोन बोटांच्या टोकांना टरटरून फोड आले होते. पुरचुंडी किती तापली होती ते तिला कळलंच नव्हतं.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "काय काम करता?" मम्मी म्हणाली, "काही नाही, घरीच असते." ते कागदावर लिहू लागले आणि मी मधेच बोलले, "ती शिवते. रोज चार-पाच तास." त्यांनी पेन ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा एका बाजूने बसला होता. रोज बाम चोळताना तो माझ्या हाताखालीच होता.

मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या स्नायूंच्या 9 दोऱ्या आणि एक नस जाते. दोऱ्यांच्या आवरणांना सूज आली की नस दबते. शुगर किंवा थायरॉइडनेही असं होतं, म्हणून त्या तपासण्याही केल्या. मनगट वाकवून, जड कात्री दाबून तासन्तास काम केलं तरी होतं. वेळेत कळलं तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून बऱ्याच जणांचं भागतं. मम्मीला छोटं ऑपरेशन लागलं. मुंग्या गेल्या, रात्रीची झोप परत आली. अंगठ्याचा जोर मात्र पूर्ण आलेला नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण आता मी उघडते.

"काय काम करता?" हा प्रश्न जुना आहे. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने 1700 मध्ये कामगारांच्या आजारांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं, त्यात त्याने वैद्यांना बजावलं की रोग्याला त्याचा धंदा विचारा. त्यात बसून काम करणाऱ्यांमध्ये शिंप्यांबद्दलही लिहिलं आहे: मांडी घालून बसून बधिर झालेले पाय, वाकलेली पाठ. मांडी घालायला लागणाऱ्या स्नायूचं नावच 'सार्टोरियस', म्हणजे लॅटिनमध्ये शिंप्याचा. शिंप्याला निदान एक स्नायू मिळाला. माझ्या मम्मीला तो प्रश्न विचारला गेला तेव्हाही तिचं उत्तर "काही नाही" होतं.

कारण तो छंद आहे ना! धंदेवाल्या टेलरची मान धरली तर घरचे म्हणतात, बिचारा, किती काम. मम्मीची मान धरली की पप्पा म्हणतात, "मग शिवू नकोस ना, कोणी सांगितलंय?" हौसेचं दुखणं हे तुमचं तुम्ही ओढवून घेतलेलं, त्याला डॉक्टरची फी कशाला, घरात तेल आहेच. आणि आमच्याकडे वर आणखी एक असतं: दुखणं प्रभूच्या चरणी अर्पण कर. मी ते हसण्यावारी नेत नाही, मम्मीचा त्यावर खरा विश्वास आहे. पण अर्पण करायच्या आधी ते आहे काय, हे तरी माहीत हवं. वेदीच्या कापडावरची भरतकामाची नक्षी सगळा पॅरिश बघतो. ते कापड कशावर बसून भरलं, हे कोणीही विचारलं नाही, फादरांनीही नाही आणि मीही नाही.

आता मशीनपुढे उंच खुर्ची आली आहे, डाव्या बाजूला दिवा आहे, जड कात्रीच्या जागी हलकी कात्री. कापायचं काम जमिनीवर न होता जेवणाच्या टेबलावर होतं, त्यामुळे आम्ही जेवायला उशिरा बसतो. पप्पांनी दोन दिवस कुरकुर केली. अमृतांजन आहे, ओवा आहे, खालांची बाटलीही आहे. फक्त शेक देण्याआधी पुरचुंडी मी माझ्या गालाला लावून बघते. अक्कांनाही विचारलं, मुंग्या येतात का. म्हणाल्या, येतात, पण फक्त मग्गमवर बसल्यावर पायाला. बसण्याचा पाट आम्ही मिळून बदलला.

पुढच्या अंकासाठी कविता मागवल्या आहेत. गोधडीवरची येईलच, आणि मी ती परत पाठवणार नाही. फक्त कवीला मेल करून एवढंच विचारणार आहे, की शिवताना आजी कशावर बसली होती आणि तिला दिवा कुठल्या बाजूने होता.