बोंडाचा रस आणि नावाची पत

मुंबई–गोवा महामार्गाने जाणाऱ्यांनी चैत्र-वैशाखात रत्नागिरीजवळील पालीस क्षणभर थांबावे आणि आसपासच्या काजूबागांत डोकावावे. बी वेगळी काढून नेलेली असते. तिच्याहून पाच-सहा पट वजनाचे रसाळ बोंड झाडाखाली सडत असते. हाच रस्ता जेथे जातो त्या गोव्यात त्याच बोंडाची फेणी होते. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१६ साली तेथील सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला.

आमच्या राज्य मंत्रिमंडळानेही २०२२ साली काजूबोंडे व मोहफुले यांच्या मद्यास 'देशी'तून उचलून 'विदेशी' वर्गात बसविण्याचे ठरविले. कोकणच्या फळाला प्रतिष्ठेसाठी विदेशी व्हावे लागावे, ही गंमत तूर्त बाजूस ठेवू. परंतु वर्ग बदलल्याने कर बदलतो. बाटलीतील मालाची ग्वाही त्यातून मिळते काय?

या बाबतीत इंग्लंडातील वाद उद्बोधक आहे. तेथे व्हिस्की म्हणविण्यास लाकडी पिंपात निदान तीन वर्षे मुरणे कायद्याने आवश्यक. तरीही इंग्लिश व्हिस्कीच्या मानांकनाच्या मसुद्यावर २०२५ साली स्कॉटलंडच्या उत्पादकांनी जाहीर हरकत घेतली. तंटा एवढाच की, 'सिंगल माल्ट'चे आंबवणे अन्यत्र चालावे, की स्कॉटलंडप्रमाणे सारे काम एकाच कारखान्यात व्हावे! बाहेरच्यास हा शब्दच्छल वाटेल. पण लहान भट्टीवाल्याचे सारे भांडवल त्या एका शब्दात असते.

फेणी हे नाव गोव्याचे. पालीच्या मालास ते घेता येणार नाही, आणि उसने नाव घेऊही नये. कोकणाने आपले नाव व आपले नियम स्वतः सिद्ध करावेत. रस केवळ बोंडाचाच, त्यात साखर वा बाहेरचा मद्यार्क नाही. ऊर्ध्वपातन किती वेळा, तीव्रता किती, तपासणी कोणाची, हे सारे लेखी हवे. दारूबंदीच्या संस्कारात वाढलेल्या आमच्या वाचकांपैकी काहींस हा विषयच अप्रिय वाटेल. त्यांच्या शंकेचा आम्ही आदर करतो. परंतु २०१५ साली मुंबईत मालवणी येथे शंभरावर माणसे मेली, ती मिथेनॉलमिश्रित चोरट्या दारूने. नियमांखाली चालणाऱ्या भट्टीने नव्हे.

दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र यांनी काजूच्या उत्तम जाती दिल्या. बोंडाच्या मद्याचा मसुदा करण्यासही तीच योग्य आहेत. सरकारने तो पुढील हंगामापूर्वी बागाइतदारांपुढे ठेवावा, आणि परवान्याचे शुल्क दोन-चार एकरांच्या धन्यास झेपेल इतकेच असावे. अन्यथा बोंडे पालीची, आणि कारखाना मात्र भलत्याचा, असे होईल.