विश्लेषण : पायलटची नोकरी लागली, तरी विमान लगेच हाती का मिळत नाही?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. सुरुवात करणाऱ्या कंपन्यांत इंडिगो, एअर इंडिया एक्स्प्रेस, अकासा यांच्यासोबत कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर ही प्रादेशिक विमान कंपनीही होती. पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात ‘कंपनीत लागला’ म्हणजे कारखान्यात लागला, असाच अर्थ घेतला जातो. आता रायगड जिल्ह्यातच विमानतळ आला आणि मोबाइलवर पायलट होण्याच्या जाहिरातीही दिसू लागल्या. ‘परवाना काढा, नोकरी पक्की’ असा त्यांचा सूर असतो. पण परवान्यानंतर काय होते, हे त्यात सहसा नसते.

पायलटांची चर्चा आताच का?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत कडक केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. त्यासाठी पुरेसे मनुष्यबळ नसल्याने डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. त्यामुळे पायलट हवेत हे खरे. पण कंपन्यांना तातडीने हवे असतात ते प्रशिक्षित आणि अनुभवी पायलट. नवा परवानाधारक तिथवर पोहोचायला वेळ लागतो.

परवाना पुरेसा का नाही?

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी भारतात किमान २०० तासांचे उड्डाण लागते. यातले बहुतेक तास छोट्या विमानावर होतात. प्रादेशिक मार्गांवरचे एटीआर-७२ हे दोन इंजिनांचे, सुमारे ७० प्रवाशांचे विमान असते. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथे सहवैमानिकासाठीही साधारण १५०० तासांची अट आली. भारतात तशी अट नाही. म्हणूनच २०० तासांचा नवखा आणि प्रवाशांनी भरलेले विमान यांच्यामधली दरी भरण्याचे काम कंपनीच्या प्रशिक्षणावर येते.

या प्रशिक्षणात काय असते?

सुरुवात वर्गातून होते. कंपनीची कार्यपद्धती, धोकादायक मालाचे नियम, आग लागल्यास किंवा विमान पाण्यात उतरवावे लागल्यास प्रवाशांना बाहेर काढणे, सहकाऱ्यांशी समन्वय हे विषय शिकवले जातात.

त्यानंतर टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता. आधी त्या विमानाच्या यंत्रणांचा अभ्यास आणि परीक्षा, मग सिम्युलेटर. टेक-ऑफच्या ऐन क्षणी इंजिन बंद पडणे, कॉकपिटमध्ये धूर, धावपट्टी न दिसल्याने पुन्हा वर जाणे, अशा प्रसंगांचा इथे सराव होतो. शेवटी परीक्षकासमोर चाचणी होते.

नंतर प्रवासी नसलेल्या विमानावर टेक-ऑफ-लँडिंगचा सराव होतो आणि परवान्यावर त्या विमानाची नोंद होते. पुढचा टप्पा प्रवाशांसह, पण प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली उड्डाणांचा. अंतिम तपासणी पार पडली की मगच नियमित सहवैमानिक. त्यानंतरही साधारण दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा असतेच.

नवखे कुठे अडतात?

विमान हवेत ठेवता येणे ही किमान अपेक्षा. खरी कसोटी दोघांनी मिळून काम करण्याची असते. एक जण विमान चालवतो, दुसरा लक्ष ठेवतो, चूक दिसताच स्पष्ट बोलतो. समोर ज्येष्ठ कॅप्टन असला तरी बोलायचे, हे अनेकांना जड जाते. कार्यपद्धती आणि ठरलेली वाक्ये पाठ नसतील, तर सिम्युलेटरचा महागडा वेळ ती आठवण्यातच जातो. मागे पडल्यास जादा सराव मिळू शकतो. पण वारंवार नापास झाल्यास नोकरी जाऊ शकते.

प्रादेशिक कंपनीत वेगळे काय?

उड्डाणे छोटी, त्यामुळे एकाच दिवसात टेक-ऑफ आणि लँडिंग जास्त. लहान विमानतळांवर सुविधा मर्यादित. त्यात कोकणातला पाऊस, ढग आणि वारा. काम दमवणारे असते, पण हात लवकर बसतो.

घरच्यांनी काय विचारावे?

परवान्याचा खर्च लाखांत जातो आणि त्यासाठी शेत किंवा घर गहाण पडू शकते. म्हणून उड्डाण प्रशिक्षणाची फी भरण्याआधी मुलाची किंवा मुलीची ‘क्लास वन’ वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. नोकरीचे पत्र हाती आल्यावर चार गोष्टी लेखी विचाराव्यात. टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा? बाँड किती वर्षांचा आणि किती रकमेचा? पूर्ण पगार कोणत्या टप्प्यापासून? नापास झाल्यास पैसे कोण भरणार? शिवाय, डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला राजीनाम्यापूर्वी सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

कर्जाचा पहिला हप्ता आणि पहिला पूर्ण पगार यांच्यात अनेक महिन्यांचे अंतर पडू शकते. तेवढे दिवस घर कसे चालणार, याचा हिशेब परवान्याची फी भरण्याआधीच व्हायला हवा.