आखूड दोरीची किंमत

नवेगाव बांधला निघालो की कोहमाऱ्याच्या फाट्यावर उतरून चहा घ्यायचा, हा माझा जुना नेम. गेल्या हिवाळ्यात तेथे मुंबई-कोलकाता महामार्गाच्या कडेला एक ट्रक उभा होता. मागे पाच घोडे, सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेले आणि वरातींसाठी रायपूरकडे निघालेले. पाचांच्याही माना आखूड दोरीने वरच्या दांडीला बांधलेल्या.

"भाऊ, जरा ढील द्या की," मी ड्रायव्हरला म्हटले.

"काका, ढील दिली तर एकमेकांना चावतात. काल सकाळपासून असेच उभे आहेत."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण घोडा दिवसाचा बराच वेळ मान खाली घालून चरतो, आणि श्वासनळीतला चिकट स्राव, धूळ, जंतू त्यामुळेच बाहेर पडत राहतात. निरोगी घोड्याच्या घशातही स्ट्रेप्टोकॉकससारखे जिवाणू असतात. मान सहा ते बारा तास वर बांधली, तरी ते श्वासनळीत साचू लागतात. त्यात वाळल्या चाऱ्याची धूळ, लघवीचा उग्र वायू, पाण्याची कमतरता आणि प्रवासाची धास्ती यांची भर पडली की जिवाणू फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. घोडेवाल्यांच्या जगात याला 'शिपिंग फीव्हर' म्हणतात. दोन-तीन दिवसांनी ताप चढतो, जनावर चारा सोडते. खोकला असेलच असे नाही. उपचार लांबले तर छातीत पाणी होते आणि घोडा हातचा जातो.

२०२५ च्या उन्हाळ्यात हैदराबादहून जबलपूरला ५७ घोडे नेण्यात आले. हा रस्ता आपल्या नागपूरवरूनच जातो. पुढच्या काही आठवड्यांत त्यांतले अनेक दगावले. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची शंका आली, नमुने हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेले, वाद न्यायालयात पोहोचला. त्या मृत्यूंचे कारण ठरवणे माझे काम नव्हे. पण एवढ्या लांबच्या प्रवासाचा प्रश्न त्यामुळे चर्चेत आला, हे खरे.

कायदा आहे. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम सांगतात की एका वाहनात चार ते सहाच घोडे असावेत, दोन घोड्यांच्या मध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू असावा आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नसावा. आता हिशेब करा. सातशे किलोमीटर जायला या वेगाने वीस तास लागतात. म्हणजे नियम पाळूनही मान वीस तास वर बांधलेली राहिली, तर धोका उरतोच. मात्र तोच बांबू नीट बसवला, तर चावाचावी कमी होते आणि दोरीला ढील देता येते.

बँकेत असताना जनावरांसाठी मी पुष्कळ कर्जे मंजूर केली. दात पाहिले, दाखला पाहिला, विम्याचा बिल्ला कानात आहे ना तेही पाहिले. जनावर गावी कसे आणणार, हे मात्र एकदाही विचारले नाही. जनावरांच्या विम्यात पहिल्या पंधरा दिवसांत आजाराने मृत्यू झाल्यास सहसा भरपाई मिळत नाही. प्रवासातला न्यूमोनिया नेमका याच पंधरवड्यात उलटतो. घोडा जातो, हप्ते राहतात, आणि ते वरातीच्या घोड्यावर पोट असलेल्या माणसाने फेडायचे.

उपाय स्वस्त आहेत. चार-पाच तासांनी ट्रक थांबवावा, पाणी दाखवावे, अर्धा तास मान खाली सोडू द्यावी. चारा ओला करून द्यावा. मुक्कामी पोहोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. तो १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे, कारण सुरुवातीला दिलेली औषधे लागू पडतात.

त्या दिवशी ड्रायव्हरने माझ्यासमोर दोऱ्या सैल केल्या आणि बादली आणली. पाचही घोड्यांनी पाण्याआधी माना खाली टाकल्या. नाकांतून दाट शेंबूड ओघळला.

"सर्दी झाली वाटते," तो म्हणाला.

मी त्याला थर्मामीटर घ्यायला सांगितले.