बोस्निया : करार टिकला, पण राज्य कधी उभे राहणार?

बोस्निया-हर्झेगोव्हिनाच्या शांतता करारावर १४ डिसेंबर १९९५ रोजी पॅरिस येथे स्वाक्षऱ्या झाल्या. त्याचा मसुदा त्याआधी तीन आठवडे अमेरिकेतील डेटन शहराजवळच्या हवाई तळावर ठरला होता, म्हणून जग त्याला डेटन करार म्हणते. साडेतीन वर्षांच्या युद्धात सुमारे एक लाख माणसे मेली, वीस लाखांहून अधिक बेघर झाली. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष व मुलगे ठार मारले गेले. करारानंतर तेथे पुन्हा युद्ध पेटलेले नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

या शांततेमागे बाहेरच्या जगाचा मोठा हातभार आहे. प्रारंभी नाटोच्या नेतृत्वाखाली सुमारे साठ हजार सैनिक उतरले. डिसेंबर २००४ मध्ये ती जबाबदारी युरोपीय संघाच्या सेनेने घेतली. या इतिहासात एक धागा आपल्याकडचाही आहे. मार्च १९९२ मध्ये माजी युगोस्लाव्हियातील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती झाले ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. सेनेचे काम क्रोएशियात होते, मुख्यालय मात्र सारायेव्होत. आणि काही आठवड्यांतच युद्ध त्या मुख्यालयाच्या दारात येऊन पोहोचले.

डेटन कराराने बंदुका थांबवल्या, परंतु राज्य विचित्र रीतीने बांधले. बोस्नियाक-क्रोएट संघराज्य आणि सर्बांचे रिपब्लिका सर्प्स्का असे दोन घटक. त्यांतील संघराज्याचे पुन्हा दहा कँटन. शिवाय ब्रच्को हा स्वतंत्र जिल्हा. राष्ट्राध्यक्षपद एकाचे नाही, तिघांचे : एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. या तिन्हींपैकी कोणत्याही गटात न बसणाऱ्या ज्यू अथवा रोमा नागरिकाला हे पद मिळूच शकत नाही. हा भेदभाव असल्याचा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये दिला. राज्यघटनेत मात्र आजवर तशी दुरुस्ती झालेली नाही.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न उच्च प्रतिनिधींचा आहे. कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या या आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्याला डिसेंबर १९९७ च्या बॉन परिषदेनंतर कायदे लादण्याचे आणि लोकनियुक्त पुढाऱ्यांना पदच्युत करण्याचेही अधिकार मिळाले. तेव्हा ते आवश्यक होते, असे मानावयास जागा आहे. तथापि कटू निर्णय परक्याने घ्यावा आणि स्थानिक नेत्यांनी त्यावर केवळ संताप व्यक्त करावा, ही सवय त्यातूनच जडली. रिपब्लिका सर्प्स्काचे नेते मिलोराद दोदिक यांना उच्च प्रतिनिधींचे निर्णय झुगारल्याबद्दल फेब्रुवारी २०२५ मध्ये शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये ती अपिलातही कायम राहिली आणि त्यांचे अध्यक्षपद गेले. त्या काही महिन्यांत देश फुटतो की काय, अशी भीती अनेकांना वाटली.

दुसरा आधार युरोपीय एकात्मतेचा. पश्चिम बाल्कन देशांचे भवितव्य युरोपीय संघात आहे, अशी ग्वाही २००३ मध्ये थेस्सालोनिकी येथे देण्यात आली. बोस्नियाने अर्ज केला तो २०१६ मध्ये. उमेदवार देशाचा दर्जा मिळाला डिसेंबर २०२२ मध्ये. आणि वाटाघाटी सुरू करण्याचा तत्त्वतः निर्णय झाला मार्च २०२४ मध्ये. वीस वर्षांत एवढीच वाटचाल! विलंबाचा दोष एकट्या सारायेव्होचा नाही. ब्रसेल्सची इच्छाशक्तीही मधल्या काळात मंदावली होती.

या विलंबाची झळ आपल्या श्रद्धाबांधवांना विशेष लागली. युद्धापूर्वी सारायेव्हो महाधर्मप्रांतात पाच लाखांहून अधिक कॅथोलिक होते. आज त्यांची संख्या निम्म्याहूनही कमी आहे. बान्या लुका धर्मप्रांताची हानी प्रमाणाने आणखी मोठी. निर्वासितांना स्वगृही परतण्याचा हक्क कराराच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि मालमत्तेचे बहुसंख्य दावे निकालीही निघाले. परंतु कित्येकांनी घर ताब्यात घेतले ते विकण्यासाठीच. जेथे पोलीस, शाळा आणि नोकरी दुसऱ्या समाजाच्या हाती आहे, तेथे मुलाबाळांसह कोण राहणार? त्यात २०१३ मध्ये क्रोएशिया युरोपीय संघात गेला. बोस्नियातील बहुतेक क्रोएट कुटुंबांकडे क्रोएशियाचे पारपत्र असल्याने जर्मनी वा ऑस्ट्रियाचा मार्ग त्यांना सहज मोकळा झाला. शेजारी देशाच्या एकात्मतेनेच येथील धर्मग्रामे रिकामी केली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. म्हणूनच सदस्यत्वाला होणारा उशीर आपल्या दृष्टीने केवळ राजनैतिक बाब राहत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे एप्रिल १९९७ मध्ये सारायेव्होला गेले, तेव्हा त्यांच्या मार्गावरील एका पुलाखाली स्फोटके सापडली होती. तरीही भेट पार पडली. जून २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसही तेथे जाऊन आले. मात्र रोजचे काम स्थानिक ख्रिस्तसभेने केले आहे. संघराज्यातील काही गावांत आजही एकाच छपराखाली क्रोएट आणि बोस्नियाक मुलांच्या दोन वेगळ्या शाळा भरतात. याउलट सारायेव्होच्या महाधर्मप्रांताने युद्ध चालू असतानाच, १९९४ मध्ये, ‘युरोपसाठी शाळा’ या नावाने कॅथोलिक शाळांचा उपक्रम सुरू केला. त्यांत सर्व धर्मांच्या मुलांना प्रवेश आहे आणि ती एकाच वर्गात शेजारी शेजारी बसतात.