टरफल शाबूत ठेव बे!

रविवारची सकाळ, धरमपेठ. मोठ्या बाबांकडे तर्री-पोहे. टीव्हीच्या स्टँडला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर आमचा दादा. तो पोर्टलंडजवळ राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. आपल्याकडे सकाळचे आठ म्हणजे त्याच्याकडे शनिवारचे संध्याकाळी साडेसात. मोठी आई नेहमीसारखी 'जेवला का, काय जेवला' विचारत होती आणि दादाचा चेहरा एखाद्या डेडलाइन चुकलेल्या माणसासारखा. शेवटी मीच विचारलं, ''काय झालं रे?''

''चक्की,'' तो म्हणाला. ''चक्कीनं वाट लावली यार.''

आता इथे थोडा फ्लॅशबॅक. दादा दोन वर्षांपासून घरी बिअर बनवतो. गॅरेजमध्ये. अमेरिकेत हा एकदम कायदेशीर छंद. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं फेडरल पातळीवर परवानगी मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे ३७८ लिटर, घरच्यासाठी. विकायची नाही. (मंडळी, हे वाचून टेरेसवर पिंप चढवू नका. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्सशिवाय घरी दारू बनवणं हा सरळसरळ गुन्हा आहे.)

प्रॉब्लेम कायद्याचा नव्हता, मोठ्या बाबांचा होता. ते मूळचे वर्ध्याचे. सेवाग्रामचा जिल्हा, दारूबंदीचा जिल्हा. त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. मुलगा बिअर 'पितो' हे त्यांनी गिळलं असतं कदाचित. पण 'बनवतो' म्हटल्यावर त्यांनी तो विषयच बंद केला. विषय बंद करता करता दादाशी बोलणंही 'तब्येत बरी आहे, पाऊस आहे' इथपर्यंत आलं. कॉल सुरू झाला की ते झोपाळ्यावर पेपर उघडायचे. त्या दिवशीही पेपर समोर होता. पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं, हे मी पाहिलं.

तर चक्की. बिअरसाठी लागतं मोड आणून वाळवलेलं जव. आपलं नाचणीचं सत्त्व माहितीये ना? भिजवा, मोड आणा, वाळवा, दळा. फंडा तोच, धान्य वेगळं. मोड आले की दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात जी गरम पाण्यात, साधारण ६५ ते ६८ डिग्रीला, पिठूळ भागाची साखर करतात. ती साखर पुढे यीस्ट खातं. पण त्यासाठी दाणा आधी फोडावा लागतो. फोडावा, दळू नये! सगळा खेळ इथेच आहे. जवाला बाहेरून टरफल असतं. आतला भाग तीन-चार तुकड्यांत फुटला पाहिजे आणि टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे. कारण नंतर तेच टरफल तळाशी बसून गाळणीचं काम करतं. टरफलाचा चुरा झाला तर गाळणी गेली, वर चव तुरट. आणि दाणा फुटलाच नाही तर साखर आतल्या आत.

म्हणून ही मंडळी दगडाची चक्की वापरत नाहीत. दोन स्टीलचे रोलर, त्यांच्यावर बारीक खरखरीत नक्षी. एक रोलर हँडलनं किंवा ड्रिल मशीननं फिरतो, दुसरा दाण्यांच्या घर्षणानं आपोआप. दोघांच्या मध्ये फट. जवासाठी सुरुवात साधारण एक मिलिमीटरपासून करतात. गव्हाला टरफल नाही, दाणा बारीक आणि कडक, त्यामुळे त्याला फट कमी.

दादा आधी दुकानातून फोडलेलं धान्य आणायचा. ते सगळं ठीक होतं. पण फोडलेलं लवकर शिळं होतं, अख्खं महिनोन् महिने टिकतं आणि २५ किलोचं पोतं घेतलं की स्वस्तही पडतं. म्हणून साहेबांनी ऑनलाइन चक्की मागवली. एकोणीस लिटरच्या एका बॅचला लागणारं पाच किलो जव तिच्यातून काढलं, तासभर गरम पाण्यात ठेवलं, खालचा नळ उघडला... आणि थेंब नाही. लगदा झाला होता. दोन तास चमच्यानं ढवळत बसला. पुढच्या वेळी चिडून फट वाढवली. या वेळी धो-धो गळलं, पण साखरच नाही. द्रावणाचं वजन मोजायचं काचेचं तरंगतं मीटर असतं. पाणी म्हणजे १.०००. त्याला हवं होतं १.०५०, आलं १.०३८. पाणचट! त्यानं कंपनीला खरमरीत मेल टाकली. उत्तर आलं, 'कृपया आपली चक्की नीट सेट करा.' आपल्याकडच्या कस्टमर केअरचीच आठवण यावी.

आता माझी एन्ट्री. आदल्याच आठवड्यात दादानं मला फोडलेल्या जवाचा फोटो पाठवला होता. मी गोकुळपेठेत गहू दळायला गेले होते. गंमत म्हणून तो फोटो चक्कीवाल्या काकांना दाखवला. काकांचा हात पिठाच्या धारेखाली असतो, अंगठा आणि बोटांत चिमूट चोळत. पीठ गरम येतंय का, रवाळ येतंय का, हे ते न बघता सांगतात. रोडग्यासाठी जाडसर आणि पोळीसाठी बारीक, या दोन्हींत त्यांची चाकाची फक्त जराशी हालचाल असते. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. ''पीठही आहे अन् अख्खा दाणाही आहे. एकाच मुठीत?''

''हो.''

''मंग फट कमी-जास्त करून काय होते? एकीकडून दाबून राहिला अन् दुसरीकडून सोडून राहिला. पाट वाकडा बसला.''

हे वाक्य मी त्या रविवारी दादाला जसंच्या तसं सांगितलं. दादा म्हणाला, ''छे, नवी मशीन आहे, वाकडी कशी असेल?''

आणि पेपरच्या मागून आवाज आला. ''नवी आहे म्हणून का सरळ असते बे?''

मोठे बाबा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेत. टूलरूममध्ये होते. ज्या माणसानं अख्खी नोकरी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काढली, त्याच्यासमोर कुणी 'नवी मशीन सरळच असेल' म्हणावं आणि त्यानं गप्प बसावं, हे शक्य नव्हतं. पेपर खाली आला.

''फिलर गेज आहे का?''

''नाही बाबा.''

''मंग काय अंदाजानं करून राहिला?''

फिलर गेज म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पत्त्यांचा जुडगा, सुरीसारखा उघडणारा. फटीत जी पत्ती किंचित घासत जाईल, तेवढी फट. ते नव्हतं, तर बाबांनी विचारलं खिशात काय आहे. क्रेडिट कार्ड. जगातलं कोणतंही बँकेचं कार्ड जवळपास ०.७६ मिलिमीटर जाड असतं, ही माहिती दादानं पुरवली. तिकडच्या बिअरवाल्यांची म्हणे ही जुनी युक्ती. डावीकडे कार्ड घातलं, अडकलं. उजवीकडे कार्ड गेलं. कार्डावर व्हिजिटिंग कार्ड ठेवून घातलं, तरी ढिलं!

''पाह्य,'' मोठे बाबा म्हणाले. एवढंच. पण ते झोपाळ्यावरून उठून मोबाइलसमोरच्या खुर्चीवर येऊन बसले होते. मोठ्या आईनं माझ्याकडे पाहिलं, मी पोह्यांकडे.

पुढचा पाऊण तास मी नोट्स काढल्या. सवय. त्यातलं कामाचं तेवढं सांगते.

फट दोन्ही टोकांना मोजायची, आणि अगदी काठावर नाही, काठापासून बोटभर आत. स्क्रू आवळला की फट सरकते, म्हणून आवळल्यावर परत मोजायची. पाच किलो दळून झाल्यावर पुन्हा, कारण थरथरीनं स्क्रू ढिले होतात. नवी मशीन आली की रोलरवर कारखान्यातलं तेल असतं. पहिलं अर्धा किलो धान्य काढून फेकायचं. जीव तुटला तरी फेकायचं. दुसरा, मोकळा रोलर हातानं सहज फिरतो का ते बघायचं. पिठाची धूळ त्याच्या बुशमध्ये बसते, मग तो अडतो आणि दाणा नुसताच वर नाचत राहतो. ड्रिल हळू फिरवायचं, मिनिटाला दीड-दोनशे फेरे. दादा फुल स्पीडवर चालवत होता, त्यामुळे टरफलाच्या चिंध्या.

''मग चूक माझीच की सगळी,'' दादा पडेल आवाजात म्हणाला.

मोठे बाबा म्हणाले ते मला फार आवडलं. ''आत्ताच काहून कबूल करतो? गेज आण. दोन टोकांची फट वेगळी आली तर तुझी चूक, बसवणाऱ्याची. आता एका जागी मोज, रोलर पाव फेरा फिरव, परत मोज. असं चारदा. फिरवल्यावर फट बदलली तर रोलरच गोल नाही. ती बनवणाऱ्याची चूक. ती तू सात जन्म सेट केली तरी जाणार नाही.''

बॉस, हे कंपनीनं मॅन्युअलमध्ये का लिहू नये?

एवढ्यात मोठ्या आईनं तोंड उघडलं. इतका वेळ ती फक्त ऐकत होती. ''अरे, टरफल तुटतं म्हणतोस, तर त्याला पाण्याचा हात लावतोस का?''

''म्हणजे?''

''रव्यासाठी गहू दळायचा तर आपण ओलवून घेतो की. साल मऊ पडते, चुरा होत नाही, कोंडा मोठा मोठा वेगळा निघतो.''

दादा चाट. कारण त्याच्या त्या बिअरच्या पुस्तकात हेच 'कंडिशनिंग' या भारदस्त नावानं आहे. वजनाच्या दोन टक्के पाणी, म्हणजे पाच किलोला शंभर मिलिलिटर. शिंपडायचं, हातानं चोळायचं, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, मग चक्कीत. त्यानं ते वाचून सोडून दिलं होतं, कारण ओलाव्यानं साध्या लोखंडी रोलरला गंज चढतो अशी भीती. मोठी आई म्हणाली, ''मग नंतर पुसून ठेव, मूठभर कोरडं धान्य फिरव. हे पण मीच सांगू?''

दादानं दुसऱ्या दिवशी मोटारीच्या पार्ट्सच्या दुकानातून फिलर गेज आणलं. पत्त्यांवर आकडे इंचात. मोठ्या बाबांना त्याचं काही नाही, ते 'थाऊ'मध्येच वाढले. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चाळीस थाऊ म्हणजे एक मिलिमीटर आणि वर चिमूटभर. डावीकडे आलं एकोणतीस, उजवीकडे पंचेचाळीस. ती दादाची चूक. दोन्हीकडे एकोणचाळीस लावलं. मग पाव पाव फेऱ्याचं टेस्टिंग. एकोणचाळीस, एक्केचाळीस, पंचेचाळीस, बेचाळीस. रोलर अंड्यासारखा! दादानं या आकड्यांचा साधा तक्ता करून कंपनीला पाठवला. एकही शिवी नाही, एकही उद्गारचिन्ह नाही. (मोठ्या बाबांनी मेल वाचून दोन उद्गारचिन्हं काढायला लावली.) दहा दिवसांत नवा रोलर आला, फुकट.

माझ्या फ्रीलान्सर मनाला ही गोष्ट जाम लागली. आपण सगळेच खरमरीत मेलवाले. 'तुमचा प्रॉडक्ट बकवास आहे' लिहायला दोन मिनिटं लागतात. चार आकडे मोजायला पाऊण तास बसावं लागतं, आणि समोर एखादा टूलरूमवाला असावा लागतो.

नव्या रोलरनं काढलेल्या पहिल्या शंभर ग्रॅमचा फोटो फॅमिली ग्रुपवर आला. पांढऱ्या कागदावर पसरलेलं जव. टरफलं जवळपास अख्खी, होडीसारखी रिकामी. आतले तुकडे पांढरे. अख्खा दाणा शोधून दोन सापडले. मी तो फोटो गोकुळपेठेत काकांना दाखवला. त्यांनी बघितला, मान हलवली आणि म्हणाले, ''जमलं. पण ह्याच्या पोळ्या होणार नाही.''

बिअर मोठ्या बाबांना आजही पटलेली नाही. परवा मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, ''ते पिण्याचं मला विचारू नको. चक्कीचं विचार.'' गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली, यावर ते मला अर्धा तास ऐकवतात. मी ऐकते. मोठ्या आईचा इंटरेस्ट वेगळाच. गाळून उरलेला चोथा दादा फेकतो हे कळल्यापासून ती अस्वस्थ आहे. वाळवून दळ, थालीपिठात घाल, असा तिचा लकडा. दादानं घातला. चांगलं लागतं म्हणे.

गेल्या रविवारी परत तर्री-पोहे, परत कॉल. या वेळी मोठ्या बाबांचा पेपर घडी करून बाजूला.

''किती आलं?''

''एक पॉइंट शून्य अठ्ठेचाळीस, बाबा.''

''पन्नास पाहिजे होतं न?''

''हो, पण अठ्ठेचाळीस म्हणजे मस्तच...''

''एक थाऊ कमी कर. दोन्हीकडे.''